नमुन्याचा डबा

सोमवारी सकाळी तो डबा सपाट होता. मी झाकणावर अंगठा दाबून पाहिला, मग दोन्ही अंगठे लावून पाहिलं. झाकण ढिम्म हललं नाही. शनिवारी संध्याकाळी हेच झाकण पुरीसारखं टम्म वर आलेलं मी पाहिलं होतं. दाबलं तेव्हा टक् करून आत गेलं होतं आणि बोट उचलताच पुन्हा वर आलं होतं. माणसाची सूज उतरते, डब्याची उतरत नाही. आमच्या धंद्यात एवढी एक गोष्ट पक्की आहे, बाकी सगळ्यावर वाद घालता येतो. मी डबा उचलून खिडकीपाशी नेला. झाकणावर छापलेला बॅचचा क्रमांक तोच, शाईही तीच. पण डबा स्वच्छ होता. कारखान्यासमोरच्या रस्त्यावरून दिवसभर चिऱ्यांचे ट्रक जातात आणि जांभ्याची तांबडी धूळ बंद खिडकीतूनही आत येते. उन्हाळ्यापासून या फळीवर उभ्या असलेल्या प्रत्येक डब्याच्या डोक्यावर तिचा थर बसलेला आहे. शेजारचे दोन्ही डबे तांबूस होते. हा मात्र आत्ता आंघोळ करून आल्यासारखा. कुणीतरी डबा बदलला होता.

आमची कंपनी किनारा फूड्स. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, आंब्याचा रस डब्यांत भरणारी. मी तिथला क्वालिटी मॅनेजर. मोसमात जेवढा रस भरला जातो त्यातल्या प्रत्येक बॅचचा एक डबा आम्ही या खोलीत ठेवतो, आणि त्या बॅचचा शेवटचा डबा जगात कुणीतरी खाऊन संपवेपर्यंत तो इथून हलवायचा नाही असा नियम आहे. नियम मीच केलेला. नमुन्याचा डबा म्हणजे जामीन राहिलेला माणूस. तो फुगला तर गोदामातल्या त्याच्या सगळ्या भावंडांवर संशय घ्यायचा. झाकणाची शिवण सैल बसली का, आत हवा शिरली का, रस आंबला का, ते डबे फोडून बघायचं, आणि तोवर एकही डबा फाटकाबाहेर सोडायचा नाही. या डब्याची भावंडं आज संध्याकाळी बाहेर पडणार होती. गाडी गोदामाला पाठ लावून उभी होती आणि हमाल खोके चढवत होते. माल घेणारी कंपनी तान्ह्या मुलांचं खाणं बनवते. ऑर्डर पहिलीच होती, आणि ती मिळाली होती आमच्या दर्जाच्या प्रमाणपत्रावर. ते प्रमाणपत्र पुन्हा द्यायचं की नाही हे ठरवायला पुण्याहून ऑडिटर आजच येणार होत्या. ऑडिट झालं की गाडी सोडायची, असा मालकांचा मुंबईहून निरोप होता.

मी डबा जागेवर ठेवला आणि खोलीला कुलूप लावलं. मग मला हसू आलं. कुलूप तर शनिवारीही लावलेलं होतं. या कुलपाच्या तीन किल्ल्या. एक माझ्याकडे, एक लॅबमधल्या दर्शनाकडे, एक प्रॉडक्शन मॅनेजर गौरवच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाकडेही. गौरव चिपळूणचा, माझ्याहून लहान, चुणचुणीत. कुठल्याही प्रश्नाला 'टेन्शन नाही सर' हे त्याचं उत्तर. ज्या माणसाला कधीच टेन्शन नसतं त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. शिवण घालणारं यंत्र त्याच्या अखत्यारीत, ऑर्डरची घाई त्याला, बढतीची आशा त्याला. जिन्यात तो समोरून आला. नवा कोरा शर्ट, दाढी गुळगुळीत. "सर, आज लवकर?" तो म्हणाला. रोज मी याच वेळेला येतो. मग 'लवकर' का? मी म्हटलं, "झोप लागली नाही." त्याने क्षणभर माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि नजर काढून घेतली. पाणी इथेच मुरतंय, मी मनाशी म्हटलं. पण पुढे व्हरांड्यात वॉचमननेही सलाम करताना नजर काढून घेतली, आणि स्टोअरच्या माणसानेही. तेव्हा मला वाटलं, सगळेच यात आहेत. सगळा कारखाना रविवारी माझ्या पाठीमागे एकत्र जमला होता आणि त्याने माझा डबा बदलला होता. ऑडिटसाठी कुंड्यांना गेरू फासलेला होता. पायऱ्यांना चुना. कुठूनतरी पारिजातकाचा वास येत होता आणि त्याचाही मला संशय आला. शोधल्यावर तो स्वच्छतागृहातल्या फवाऱ्याचा निघाला.

शनिवारी नक्की काय झालं ते मी पुन्हा पुन्हा आठवत होतो. संध्याकाळ, खोलीत एकच दिवा. ऑडिटच्या आधी नमुन्यांवरून एक नजर फिरवावी म्हणून मी गेलो होतो. दर्शना दारात उभी होती, हातात फडकं, डबे पुसायला घेऊ का असं विचारत. माझा अंगठा त्या झाकणावर होता. टक्. आवाज बारीक असतो, पण या धंद्यातल्या माणसाच्या पोटात तो थेट जातो. मी पुन्हा दाबलं नाही. डबा किंचित फिरवून फळीवर मागे सरकवला आणि म्हणालो, "चहा झाला का?" ती म्हणाली, "नाही सर." "मग घे," म्हणालो, आणि बाहेर पडलो. बस. एवढंच. बोलायचं नव्हतं असं नाही. पण बोललो असतो तर ती गोष्ट तिथेच, त्या क्षणी खरी झाली असती. मालकांना फोन, ऑडिट पुढे, ऑर्डर गेली, आणि मग 'तुम्ही काय करत होतात?' हा प्रश्न, जो मी इतरांना विचारत आलोय. मला एक रविवार हवा होता. विचार करायला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली होती. पंचेचाळिशीनंतर रत्नागिरीत दुसरी नोकरी मिळत नाही.

रविवारी बाबांना समुद्र बघायचा होता म्हणून आम्ही आरे-वारेला गेलो. बाबा, म्हणजे माझे वडील हरिश्चंद्र, मालवाहू बोटींवर खलाशी होते, उभी हयात समुद्रावर काढली, आणि आता आमच्याकडे राहून त्यांना समुद्राची आठवण येते. टेकडीवरच्या वळणावर गाडी थांबवली. माझ्या बायकोने, राजश्रीने, थर्मासमधला चहा ओतला. खाली दोन्ही किनारे पांढरेशुभ्र पसरलेले, आणि मी अंगठ्याने थर्मासचं झाकण दाबत बसलो होतो. राजश्री म्हणाली, "काय झालंय तुम्हाला?" मी म्हटलं, "काही नाही." तिने चहाचा कप माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "ऑडिट आहे उद्या." बाबा खुसखुसून हसले. "ऑडिट म्हंजे आमचा सर्व्हे," ते म्हणाले. "सर्व्हेअर चढायच्या आधी आम्ही गंजावर रंग मारायचो. वरून अशी बोट लखलखीत. आत पत्रा पापडासारखा." मी म्हटलं, "कॅप्टनला माहीत असायचं?" "म्हंजे काय! तोच तर फिरून जायचा आदल्या दिवशी. पण बोलायचा नाय हां एक अक्षर. गंजासमोर उभा ऱ्हायचा, बघायचा, नि चालू पडायचा. आम्हाला समजून यायचं. बोलला असता तर त्याला जहाज गोदीत घ्यायला लागलं असतं." राजश्री हसली. मीही हसलो. मी त्या वेळी गौरवचा विचार करत होतो.

त्यावरून दाभोळचं घर आठवलं. बाबा रजेवर यायचे त्याच्या आधी आईची अशीच धावपळ असायची. कमळा नाव तिचं, पण गावात सगळे खलाशीण म्हणायचे. मागच्या खोलीची खाडीकडची भिंत ओल खाऊन फुगली होती. पोटुशा बाईसारखी भिंत पुढे आलेली. आई त्या भिंतीला कपाट लावायची आणि मला बजावायची, "बाबांना सांगू नको हां. चार दिवस सुखाचे येतात बिचारे." बाबा यायचे, ट्रंक उघडायचे, परदेशी साबणाचा वास घरभर व्हायचा, आणि मग ते घरातून एक फेरी मारायचे. "सगळं बरं ना?" आई म्हणायची, बरं. आजी म्हणायची, बरं. मी म्हणायचो, बरं. त्या कपाटापुढे ते थांबायचे. मला आठवतं, मी श्वास धरून उभा असायचो. मग ते म्हणायचे, "मासळी काय आलीय आज?" झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे एका पावसाळ्यात, बाबा कुठल्यातरी लांबच्या समुद्रात असताना, ती भिंत कपाटासकट बसली आणि आईचा पाय खाली सापडला. ती मरेपर्यंत लंगडत चालली. चिरा अजून तिच्या पायावर पडलेला मला ऐकू येतो. काल त्या टेकडीवर मी बाबांना पहिल्यांदाच विचारलं, "कपाट सरकवलेलं तुम्हाला कळायचं?" "रजा संपत आलेली असायची रे," ते म्हणाले. "कळलं म्हटलं असतं तर भिंत बांधायला लागली असती." मला त्यांचा राग आला. इतका राग आला की परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोललो नाही.

ऑडिटर मृणाली मॅडम वेळेवर आल्या. चाळिशीच्या, सुती साडी, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या ऑडिटरची मला जास्त धास्ती वाटते. आम्ही सगळ्यांनी पांढरे कोट घातले, इस्त्रीचे, फक्त याच दिवशी बाहेर येणारे, आणि रांगेने त्यांच्या मागून निघालो. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. मी आमच्या माणसांकडे बघत होतो. कोण घाम पुसतंय, कोण कुणाला खुणावतंय. आंब्याचा मोसम संपला की आम्ही कोकम भरतो, त्या टेबलाशी गंगुबाई उभी होती, आमची सगळ्यात जुनी कामगार, टोपीत केस कोंबलेले. मॅडमनी विचारलं, "मावशी, खराब डबा दिसला तर काय करता?" गंगुबाई ताठ झाली. "बाजूला काढतो, लाल पट्टी लावतो, नि क्वालिटीच्या सायबांना सांगतो," ती एका दमात म्हणाली. हे वाक्य मीच तिला शिकवलेलं होतं. मॅडम खूश झाल्या. पुढे गेल्यावर मी मागे रेंगाळलो आणि हळूच म्हटलं, "गंगुबाई, खरंच सांगाल?" ती टोपीखालून माझ्याकडे बघून हसली, दात नसलेलं प्रेमळ हसू. "आता त्या गेल्या की हो सायेब," ती म्हणाली. मला तिचं म्हणणं कळलं नाही. कळलं नाही असं मी ठरवलं.

मग नमुन्यांची खोली आली. माझ्याच किल्लीने मी कुलूप उघडलं. मॅडमनी फळीवरचे डबे दाबून पाहिले, इथला एक, तिथला एक, आणि मग त्यांचा हात त्या स्वच्छ डब्यावर आला. माझ्या मागे गौरव उभा होता. त्याचा श्वास संथ होता. दर्शना दारात, शनिवारी उभी होती तिथेच. मॅडमनी अंगठा दाबला. काही नाही. "हा एवढा स्वच्छ कसा?" त्या म्हणाल्या. कुणी बोलायच्या आत दर्शना म्हणाली, "मॅडम, मी पुसायला घेतले होते. हा पुसला नि तुम्ही आल्याचा निरोप आला." इतक्या सहज म्हणाली की मी चरकलो. दर्शना. जिला मी कॉलेजातून उचलून आणलं, शिवण मोजायला शिकवलं, जिच्या लग्नात जेवलो. गौरवने तिला काय दिलं असेल? की धमकावलं असेल? मॅडम पुढे सरकल्या आणि मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली. कामगिरी फत्ते केल्यावर माणूस आपल्या वरिष्ठाकडे बघून हलवतो तशी.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला कॅन्टीनमागच्या नळाशी गाठलं. ती जेवणाचा डबा विसळत होती. मी म्हटलं, "कुणी सांगितलं तुला?" ती दचकली. "काय सर?" "डबा बदलायला. गौरवने?" तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, मग एक अजब काळजी आली, माझ्याबद्दलची. "गौरव सरांना काहीच माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच तर बघून गेलात ना, सर?" "बघून गेलो म्हणजे?" "तुम्ही दाबलात. मला आवाज आला. तुम्ही डबा मागे सारलात, काय बोलला नाहीत, चहा विचारलात नि गेलात." तिने ओले हात ओढणीला पुसले. "तुम्हाला तो हवा असता तर तुम्ही बोलला असतात. मागे यंत्राचे ते ढिले रबर मिळाले तेव्हाही तुम्ही असेच बघून गेला होतात, आम्ही बदलले. तुम्ही दुसऱ्या दिवशी काय बोललात, आठवतं? 'आता छान दिसतंय.'" मला आठवत नव्हतं. मी तसं म्हणालो असेन. मला तसं म्हणताना ऐकूही आलं. "रविवारी मी आले, गोदामातला एक ठेवला. मला वाटलं, तुम्ही सांगताय." नळ टपटपत होता. मी म्हटलं, "आणि तो?" "घरी नेला. परड्यात माडाच्या आळ्यात पुरला." मग एकदम घाबरून म्हणाली, "चुकलं का सर माझं?"

मी तिला काय म्हणालो ते मला धड आठवत नाही. सकाळपासून मी ज्या चोराच्या मागे फिरत होतो तो मीच होतो, पांढरा कोट घालून नळाशी उभा. लोकांच्या नजरा मला आता कळल्या. कुणी काही लपवत नव्हतं. ते माझ्या तोंडावरून हुकूम वाचत होते, सवयीने, जसे रोज वाचतात. मी आजवर या कारखान्यात जे बोललो ते भिंतींवर लावलेलं आहे, मराठीत आणि हिंदीत, आणि जे न बोलता केलं त्यावर कारखाना चालतो. बाबांवर चिडायचा मला काय अधिकार होता? मला माझीच शिसारी आली. आणि तरी, खरं सांगतो, त्याच क्षणी मनात दुसराही विचार आला: डबा आता नाही. पाहिला फक्त दोघांनी. जमिनीखाली आहे.

संध्याकाळी समारोपाची बैठक वरच्या मजल्यावर झाली. लांब टेबल, काजूच्या बश्या, फोनवर मुंबईहून मालक. खिडकीतून फाटक दिसत होतं. गाडीवर ताडपत्री बांधून झाली होती. मृणाली मॅडम म्हणाल्या की एकंदर व्यवस्था समाधानकारक आहे, कामगारांना माहिती उत्तम आहे. मग त्या माझ्याकडे वळल्या. "क्वालिटीकडून काही सांगायचंय?" टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सांगणारच होतो. शब्द जुळवत होतो. कुठून सुरू करावं, दर्शनाचं नाव कसं टाळावं, मालक काय म्हणतील, राजश्रीला काय सांगू. मी काजूच्या बशीकडे बघत होतो. एवढ्यात खाली इंजिन चालू झालं. मी वर पाहिलं. गौरव फोन खिशात ठेवत होता. माझं गप्प बसणं त्याने वाचलं होतं आणि ते खाली पोचवलंही होतं.

"गाडी थांबवा," मी म्हणालो. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ती बॅच बाहेर जाणार नाही. तिचा नमुना फुगलाय. मी स्वतः पाहिलाय." मग गौरव खुर्चीत ताठ झाला आणि मॅडमकडे बघत म्हणाला, "हो सर, लगेच थांबवतो." आवाज गंगुबाईचा होता. तोच दम, तीच शिकवलेली चाल. तो उठला नाही. कुणीच उठलं नाही. मालक फोनवर म्हणाले, "व्हेरी गुड, सर्वेश, व्हेरी गुड." मॅडम कौतुकाने मान डोलावत काहीतरी टिपून घेत होत्या. "असंच हवं," त्या म्हणाल्या, "फारच थोड्या कंपन्यांत क्वालिटीला माल रोखायचा अधिकार असतो." त्यांनाही तो सरावच वाटला होता, प्रात्यक्षिक. खाली गिअर पडल्याचा आवाज आला. ऑडिटरसमोर मी उच्चारलेलं वाक्य खरं असू शकतं, हे त्या खोलीत कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

मी जिना उतरून धावलो. गाडी फाटकापाशी आली होती आणि वॉचमन फाटक ढकलत होता. मी हात आडवे करून समोर उभा राहिलो. ड्रायव्हर दीपक खिडकीतून वाकला. आमचाच माणूस, वर्षानुवर्षं माल नेणारा. मी ओरडलो, "मागे घे. माल खराब आहे." त्याने वर खिडकीकडे पाहिलं, तिथे सगळे पांढरे कोट हसत गोळा झाले होते, आणि समजूतदारपणे आवाज खाली आणला. "मॅडम अजून हाईत काय वर? काय हरकत नाय साहेब. मी पुढे वळणावर उभा ऱ्हातो. त्या गेल्या की फोन करा." मी म्हटलं, "मी खरंच सांगतोय." "व्हय, व्हय," तो म्हणाला, आणि हसला, अगदी गंगुबाईसारखं. वॉचमनने फाटक पुरं उघडलं. माझ्याकडे आता एकही शब्द उरला नव्हता. एवढ्या वर्षांत सगळे ऑडिटसाठी वापरून संपले होते. दर्शना धावत खाली आलेली मला दिसली. ती व्हरांड्याच्या पायरीवर थांबली होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी खाली बसलो. फाटकाच्या मधोमध, चाकांसमोर, त्या तांबड्या धुळीत मांडी घालून, इस्त्रीच्या पांढऱ्या कोटासकट. बंपरची ऊब तोंडावर येत होती. दीपकने एकदा हॉर्न दिला, अदबीने. मी हललो नाही. बसल्या जागेवरून मी दर्शनाला म्हणालो, "तो उकरून आण. वर सगळ्यांना दाखवायचाय." ती जराशी थांबली, माझ्या कोटाकडे बघितलं, आणि मग पळतच स्कूटरकडे गेली. वरच्या खिडकीतलं हसू कमी होत गेलं. इंजिन बंद झालं. दीपक गाडीतून उतरला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला, आणि डोक्यावरची टोपी काढत, हळू आवाजात त्याने विचारलं, "म्हंजे साहेब, खरोखर फुगलाय होय डबा?"